त्या उंचीवर कोणी राहत नाही

१

मी दात घासत होतो तेव्हा धाकटीचा फोन आला.

"दादा, तू असं का केलंस?" एवढंच बोलून तिने ठेवून दिला.

मी लावला, तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग जावईबुवांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला लावला, तर ते म्हणाले, "जरा गडबडीत आहे, नंतर बोलू." तोंडात फेस, हातात फोन, आणि आपण नेमकं काय केलंय याचा पत्ता नाही. सकाळी सकाळी डोकं फिरायला आणखी काय लागतं?

काय केलं ते बिल्डरकडून कळलं. त्याने एक फोटो पाठवला होता आणि वर लिहिलं होतं, "साहेब, ही अपेक्षा नव्हती तुमच्याकडून."

फोटो धाकटीच्या इमारतीचा होता. ती आर्किटेक्ट आहे आणि ही तिची स्वतःच्या नावावरची पहिली इमारत. समोरासमोर दोन इमारती, मध्ये अंगण, आणि सगळ्या भिंती उघड्या विटांच्या. ना गिलावा, ना रंग. एकेका थरासाठी ती गवंड्यांशी भांडली आहे. मी इमारतींचे फोटो काढून पोट भरतो, त्यामुळे हिचे फोटो मी काढणार हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं होतं. मागच्या आठवड्यात ते काढूनही झाले होते.

पण हा फोटो माझा नव्हता. यात पूर्वेची भिंत एका बाजूने, तिरक्या कोनातून घेतलेली होती, आणि विटांवरून पांढरे ओघळ उतरले होते. भिंतीत पाणी मुरलं की विटांतला क्षार असा बाहेर येतो. फोटोखाली मजकूर होता : "आपल्या नव्या घराला आत्ताच पांढरे केस! सगळा डिझाइनचा प्रताप. आज संध्याकाळी मीटिंग. विषय : सर्व भिंतींना गिलावा आणि रंग."

सोसायटीच्या ग्रुपवर तो रात्रीच पडला होता. संध्याकाळी हात वर झाले की धाकटीची इमारत गिलाव्याखाली जाणार होती, आणि तिच्या मते ते काम तिच्या सख्ख्या भावाने केलं होतं.

२

तिच्या ऑफिसात गेलो तर ती टेबलावरच्या नमुन्याच्या विटा उगाच इकडच्या तिकडे करत होती. शेजारच्या टेबलावर जावईबुवा संगणकात डोकं घालून बसले होते. ते स्ट्रक्चरल इंजिनीअर. दोघांचं ऑफिस एकच.

"मी नाही काढला हा फोटो," मी म्हणालो.

"दादा, मला शिकवू नकोस. तूच शिकवलंयस." तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. "भिंतीच्या कडा बघ. कशा ताठ उभ्या आहेत! बाकीचे लोक फोन वर करून धरतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. फोन न कलवता, सरळ धरून कोण काढतं फोटो? आख्ख्या गावात तू एकटा."

मुद्दा बरोबर होता. त्याचाच जास्त राग आला.

"आणि त्या दिवशी 'ही भिंत घाम गाळतेय' असं कोण ओरडलं?"

"मीच. पण तुझ्यासमोर ओरडलो ना? तोंडावर ओरडणारा माणूस पाठीमागून फोटो कशाला पाठवेल?"

"ते तुलाच माहीत! उन्हात उभी मी, फ्रेममधली ती लाल बादली उचलायला मी, सगळ्यांना पाणी विचारायला मी, आणि शेवटी हे!" तिचा आवाज फाटला. "गिलावा झाला ना, तर मी त्या रस्त्याने जाणार नाही. आणि तुझ्याकडेही येणार नाही."

धाकटी रागावली की भांडी आपटते. पण आज ती वीट हळूच खाली ठेवत होती, आणि ते मला बघवेना.

"चहा घेणार?" जावईबुवांनी विचारलं.

"नको."

"थोडा तरी घ्या चहा," ते पुन्हा म्हणाले, संगणकातून मान न काढता.

"संध्याकाळपर्यंत शोधून काढतो कोणी केलं ते," मी दारातून म्हणालो.

३

फोटो ग्रुपवर टाकला होता सेक्रेटरीबाईंनी. त्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. बाल्कनीत उभं राहिलं की पूर्वेची भिंत थेट समोर. मी बाल्कनीकडे बघितलं, बाईंच्या हातातल्या फोनकडे बघितलं, आणि मनात म्हटलं, सुटलं कोडं.

"फोटो तुम्ही काढला?"

"मी? मला फोटोत नेहमी बोट येतं." त्यांनी फोन उघडून नातवाचे फोटो दाखवले. खरंच, प्रत्येकात कोपऱ्यात बोट होतं. "मला एका हितचिंतकाने पाठवला."

"कोण हितचिंतक?"

"नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय."

"बाई, माझ्या बहिणीची इमारत आहे ही."

"आणि माझं घर आहे!" त्या उसळल्या. "सगळे विचारतात, गिलावा करायचा राहिलाय का? माझे व्याही आले तर म्हणाले, काम अर्धवट सोडून बिल्डर पळाला वाटतं. तुमच्या बहिणीला सांगायला गेलं की म्हणते, विटेचा प्रामाणिकपणा बघा. अहो, विटेच्या प्रामाणिकपणाचं मी काय करू? मला भिंत हवी आहे, भिंत. वर मुंग्या! तळमजल्यावर भिंतीतून रांगा लागल्या होत्या. आम्ही तक्रार केली तेव्हा बिल्डरने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून बंदोबस्त केला. ऐकणारा माणूस असा असतो."

धाकटी जे सांगते ते आणि बाई जे म्हणतात ते, दोन्ही मला पटत होतं. अशा वेळी माणसाने कोणावर चिडायचं?

"एवढं सांगा," मी उठताना विचारलं, "फोटो आला तेव्हा एवढाच होता, की तुम्ही कापून लहान केला?"

"मला कापता येत असता, तर आधी बोटं नसती कापली?"

४

खाली अंगणात आलो आणि फोनमधला तो फोटो धरून भिंतीसमोर उभा राहिलो. दुपारचं ऊन, पोटात काही नाही, आणि वरच्या खिडक्यांतून लोक मला बघून आपसात बोलत होते. तोच तो, असं म्हणत असणार.

एवढ्यात बिल्डर आला. गोड बोलणारा माणूस आहे. मला त्याची तेवढ्यासाठीच भीती वाटते.

"साहेब, मनाला लावून घेऊ नका. आपण शेवटी एकाच घरातली माणसं."

"तुम्ही त्या दिवशी होतात ना इथे?"

"मी आलो दुपारी, तुम्ही सामान आवरत होता तेव्हा. सकाळी काय झालं मला काय माहीत? माझं म्हणाल तर मला वीटच आवडते. पण लोकांना नको असेल तर मी काय करणार? गिलावा करून देईन." त्याने भिंतीकडे प्रेमाने बघितलं आणि तो निघून गेला.

मी परत फोटोकडे वळलो आणि माझं मलाच हसू आलं. इतका वेळ मी ओघळ बघत होतो. बघायच्या होत्या विटा.

विटांची भिंत तिरकी दिसली की तिचे थर सपाट दिसत नाहीत. डोळ्यांच्या वरचे थर लांब जाताना खाली उतरतात, खालचे वर चढतात. मधला एकच थर अगदी आडवा, पाण्यासारखा सपाट राहतो. तो थर ज्या उंचीवर, त्याच उंचीवर कॅमेरा. इथे लबाडी करताच येत नाही.

फोटोतला सपाट थर मी शोधला. तळमजल्याच्या खिडक्यांवर धाकटीने उभ्या विटांची एक ओळ घातली आहे. सपाट थर त्या ओळीच्या जरा वर होता.

मी मान वर करून खऱ्या भिंतीवर ती जागा बघितली. अंगणात उभ्या माणसाचे डोळे तिथवर पोचत नाहीत. तळमजल्यावरच्या घरातून बघितलं तरी ते खालीच राहतात. पहिल्या मजल्यावरून बघितलं तर ते वर जातात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीबाईंचा तर प्रश्नच मिटला. त्या उंचीवर कोणी राहत नाही.

मग लक्षात आलं, अंगणातल्या दिव्याचा खांब फोटोत भिंतीच्या एका ठरावीक पट्ट्यावर आला होता. मी माझे त्या दिवशीचे फोटो काढून बघितले. माझ्या फोटोतही खांब तिथेच, त्याच विटांवर, आणि सपाट थरही तोच.

त्या उंचीवर कोणी राहत नसलं, तरी मागच्या आठवड्यात एक वस्तू तिथे उभी होती. माझी घडीची शिडी.

फोटो माझ्याच शिडीवरून काढला होता.

५

धाकटीला हे सांगायला गेलो असतो तर तिने मला दारातूनच हाकललं असतं. मी काढला नाही हे सिद्ध करायला निघालो होतो, आणि पुरावा सगळा माझ्याकडेच बोट दाखवत होता.

पण शिडीवर चढणारा मी एकटा नव्हतो. माझी एक खोड आहे. आर्किटेक्टने फ्रेम बघून 'हं' म्हटल्याशिवाय मी बटण दाबत नाही. धाकटी मात्र उंचीला घाबरते. ती कागदावर मजल्यावर मजले चढवेल, पण स्टुलावर पाय ठेवणार नाही. म्हणून त्या दिवशी तिच्या वतीने शिडीवर दुसरंच कोणीतरी चढलं होतं. आणि आज सकाळी त्याच माणसाने मला दोनदा चहा विचारला होता.

जावईबुवांना मी ऑफिसच्या जिन्यात गाठलं. काही विचारायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरला.

"मीच काढला," ते म्हणाले. "वर चढून फोनवर फोटो घेतला आणि खाली येऊन तिला दाखवला, फ्रेम कशी दिसतेय ते. तुमच्यासारखा फोन सरळ धरायला तिनेच शिकवलंय. त्यात ती बादली दिसली म्हणून तर तिने उचलली."

"मग तिला फोटो ओळखू कसा आला नाही?"

"उन्हात बघितला, क्षणभर. आणि ग्रुपवरचा फोटो तसा नाहीच. खालून कापलाय."

खरं होतं ते. फोन सरळ धरला की सपाट थर फोटोच्या मधोमध येतो. ग्रुपवरच्या फोटोत तो पार तळाशी होता. म्हणजे खालचा मोठा तुकडा कोणीतरी उडवला होता.

"खाली काय होतं?"

जावईबुवा जिन्याच्या पायरीवर बसले. "भिंतीच्या तळाशी काही उभे सांधे आपण सिमेंटचा माल न भरता रिकामे ठेवतो. आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ओघळ बघून मी फोटो मोठा करून बघितला. बादलीमागचा काही भाग दिसत नव्हता, पण तिच्या बाजूचे सांधे सिमेंटने बुजवलेले वाटले. म्हणून बिल्डरला फोटो पाठवून विचारलं. फक्त त्याला. तो म्हणाला, बघतो."

"मग सांगा की हे धाकटीला! मला का फासावर चढवलंत?"

"कारण बुजवायला हो मीच म्हणालो होतो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "बिल्डरचा फोन आला होता, मुंग्या येतात, थोडं सिमेंट मारू का? मी दुसऱ्या कामात होतो. म्हणालो, बघा. कुठे मारणार ते विचारलंच नाही. आणि काल रात्री ती म्हणाली, ज्याने हा फोटो काढला त्याचं तोंड बघणार नाही. मी घाबरून फोटो, निरोप, सगळं पुसून टाकलं."

"सगळं?"

"सगळं."

म्हणजे कोण, ते कळलं. कशासाठी, तेही कळलं. ओघळ दिसले तर दोष डिझाइनचा आणि बुजवलेल्या फटी दिसल्या तर दोष बिल्डरचा. वरून गिलावा झाला की कोणाला काही दिसणारच नाही. पण फोटो बिल्डरनेच कापून पाठवला याचा हातात कागदसुद्धा नाही, आणि मीटिंगला थोडाच वेळ उरलेला. मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आमच्या आईचे ते लाडके आहेत.

६

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. समोर पडद्यावर तो फोटो भला मोठा दिसत होता. धाकटी शेवटच्या रांगेत एकटीच बसली होती. पिशवी छातीशी धरून, निकाल ऐकायला आल्यासारखी. जावईबुवा खांबाजवळ उभे होते.

लोक डिझाइनवर बोलत होते. एक आजोबा म्हणाले, तुरुंगासारखं वाटतं. एक सूनबाई म्हणाल्या, मला तर उन्हाळ्यात घर गार लागतं. सासूबाई म्हणाल्या, तू दिवसभर पंखा लावून बसतेस म्हणून. मग सेक्रेटरीबाईंनी टाळी वाजवली. "मतं पुरे. हात वर करू या."

"एक मिनिट," मी उठलो. "हा फोटो माझ्या शिडीवरून काढलेला आहे."

गलका झाला. पुढच्या रांगेतून बिल्डरने मान हलवली, काय ही माणसं, अशा अर्थाने. धाकटीने डोळे मिटून घेतले.

मी पडद्याजवळ जाऊन सपाट थर दाखवला. वरचे थर कसे उतरतात, खालचे कसे चढतात, हे दाखवलं. शिकवण्या घेणारे एक सर पुढे येऊन स्वतः बोट फिरवून बघू लागले आणि "वा!" म्हणाले. लोक त्या भिंतीकडे पहिल्यांदाच नीट बघत होते आणि मी मात्र घामाने भिजलो होतो. कारण बिल्डरला पकडायला पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं, बिल्डरच्या रागाशिवाय.

"सपाट थर मधोमध हवा. तो तळाशी आहे, म्हणजे फोटो खालून कापलाय. आणि कापलेल्या भागात पाणी जायच्या फटी बुजवलेल्या स्पष्ट दिसतात. ज्याने बुजवल्या त्यानेच कापला."

"साहेब!" बिल्डर पहिल्यांदाच गोड बोलायचं विसरला. "काहीही काय बोलता चार लोकांत? कसल्या फटी दिसतात? पुढे ती लाल बादली ठेवलेली आहे, तिच्यामागचं कोणाला काय दिसणार?"

मी बोलणार तोच मागून आवाज आला.

"कुठली बादली?"

धाकटी उभी राहिली होती.

"पडद्यावर बादली नाहीये," ती म्हणाली.

बिल्डरने पडद्याकडे बघितलं. "नाही म्हणजे... त्या दिवशी तिथे होती ना."

"त्या दिवशी तुम्ही दुपारी आलात. बादली मी सकाळीच उचलली, दादाने पहिला फोटो काढायच्या आधी. त्याच्या एकाही फोटोत ती नाही. ती फक्त एकाच फोटोत आहे, आणि तो..."

ती थांबली. तो कोणाच्या फोनवर बघितला होता, ते तिला आठवलं. तिची मान सावकाश खांबाकडे वळली.

जावईबुवा पुढे आले. "फोटो मी काढला. ह्यांना एकट्यांना पाठवला होता, फटी का बुजवल्यात ते विचारायला. आणि सिमेंट मारू का असं ह्यांनी विचारलं, तेव्हा 'बघा' म्हणणाराही मीच. दादांचा काही संबंध नाही."

"अहो, पण मुंग्यांची तक्रार तर मी केली होती," सेक्रेटरीबाई पुटपुटल्या. मग त्या बिल्डरकडे वळल्या. "हितचिंतक म्हणे! माझ्याकडून शब्द घेतलात तुम्ही."

आता मी माझा फोटो पडद्यावर लावला. बादली नसलेला, न कापलेला. भिंतीच्या तळाशी विटांच्या मधोमध करड्या सिमेंटची उभी बोटं ओळीने उमटली होती. बिल्डर उठायला लागला, तेव्हा सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "बसा. छिन्नी मागवा आणि बसा."

एक सांधा तिथेच फोडला. जावईबुवांनीच फोडला. शेवटचा तुकडा निघाला तसं आतून गढूळ पाणी आलं आणि आजोबांच्या चपलांपर्यंत पोचलं. गिलाव्याचा विषय त्या संध्याकाळी पुन्हा कोणी काढला नाही.

७

धाकटीने माझी माफी मागितली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. जावईबुवांशी ती बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलत होती. ते मला फोन करून "आता काय करू?" विचारायचे. मी सांगायचो, "बघा."

सगळ्या फटी मोकळ्या झाल्या. त्यांना आतून बारीक जाळ्या बसवल्या, म्हणून मुंग्याही थांबल्या. बिल्डरच्या खर्चाने भिंत कोरड्या ब्रशने घासून झाली, आणि मग धाकटीचा निरोप आला : फोटो परत काढायचे आहेत, सकाळी ये.

मी शिडी जुन्याच जागी लावली, कॅमेरा चढवला, आणि सवयीने इकडे तिकडे बघितलं. जावईबुवा आले नव्हते.

"फ्रेम कोण बघणार?" मी विचारलं.

"मी."

"तू?"

"दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून काय होतं ते कळलंय मला." तिने चपला काढल्या. माझ्या खांद्यात नखं रुतवत, डोळे घट्ट मिटून, मधेच मला दोन शिव्या घालत ती एकेक पायरी चढली. वर पोचल्यावर तिने डोळे उघडले आणि कॅमेऱ्याला लावले.

मी खालून शिडी धरून होतो, मला फक्त तिचे पाय दिसत होते. ते थरथरायचे हळूहळू थांबले.

"दादा," ती म्हणाली, "चांगली झालीये रे भिंत."

"मग? सांगत काय होतो मी?"

"पण ती बादली परत आणून ठेवलीये कोणीतरी."

मी वैतागून शिडी सोडली आणि बादली उचलायला निघालो. मागून किंकाळीच आली.

"बादली राहू दे रे! आधी मला खाली उतरव!"